४० × ३० × २० मधला मधुचंद्र

मिलान ते बुडापेस्ट, विमानाने माणशी पंचवीस युरो. रुपयांत साधारण अडीच हजार. दिवाळीच्या गर्दीत पुण्याहून नागपूरला जाणारी खासगी बसही एवढे मागते. लग्नाचे हिशेब अजून मिटलेले नसतात, मंडपवाल्याचं उरलेलं बिल यायचं असतं, आणि अशात मोबाइलवर हा आकडा दिसला की युरोप एकदम आवाक्यात आल्यासारखा वाटतो. आकडा खोटा नसतो. तो फक्त एका माणसाला एका खुर्चीत बसवून एका धावपट्टीवरून दुसरीवर नेण्याचा असतो. बॅग, जोडीदाराशेजारची खुर्ची, पाण्याची बाटली, नावातली चूक सुधारणं, पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय, यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं. ते सगळं वेगळं विकत घ्यायचं. आधी घेतलं तर स्वस्त, विमानतळावर घेतलं तर महाग, आणि विमानाच्या दारात घेतलं तर जवळजवळ दंडच.

म्हणून हनिमूनला बजेट विमान नकोच, असं मुळीच नाही. पण ते प्रवासाच्या कुठल्या तुकड्यावर घ्यायचं, हे आधी ठरवलं पाहिजे. मुंबई ते युरोप हा लांबचा तुकडा एकाच तिकिटावर घ्यावा, कंपनी कोणतीही असो. युरोपातला तास-दीड तासाचा तुकडा बजेट कंपनीकडे द्यावा. आणि त्यात जे वाचतील त्यातले थोडे पैसे बुकिंग करतानाच त्याच कंपनीला बॅगेपोटी देऊन मोकळं व्हावं.

लांबच्या तुकड्यावर स्वस्ताई का टिकत नाही, याचं कारण सोपं आहे. रायनएअर या युरोपातल्या बजेट कंपनीचं विमान उतरल्यावर साधारण २५ मिनिटांत पुन्हा निघतं, दिवसभर ये-जा करत राहतं, आणि जमिनीवर उभं राहण्यात वाया न गेलेला हा वेळच तिची कमाई. आठ-नऊ तासांच्या उड्डाणात ही चपळाई उपयोगाची नाही. तिथे मोठ्या कंपन्यांची विमानंही तेवढाच वेळ हवेत असतात, इंधन सगळ्यांना सारखंच लागतं, आणि इतका वेळ माणसांना उपाशी बसवता येत नाही. लंडन ते न्यूयॉर्क स्वस्तात नेणारी लेकर यांची स्कायट्रेन ही विमानसेवा १९७७ साली सुरू झाली, १९८२ मध्ये बुडाली. नॉर्वेजियन या नॉर्वेच्या बजेट कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ला सोडून दिला. आइसलंडची वॉव एअर तर डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीपर्यंत आली होती. २८ मार्च २०१९ ला कंपनीच बंद पडली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबई–ॲमस्टरडॅम थेट विमान सुरू केलं ते भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ वर, आणि गरम जेवण तिकिटात धरून. लांब जायचं म्हटलं की बजेट कंपनीलाही थोडं मोठ्या घरच्यासारखं वागावं लागतं.

मधला एक मार्ग मात्र चांगला आहे. एअर अरेबिया ही २००३ मधली शारजाची बजेट कंपनी. तिचं मुंबई–शारजा–व्हिएन्ना एकाच तिकिटावर मिळतं. मुंबईत दिलेली बॅग व्हिएन्नालाच हातात येते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढचं बघणं कंपनीचं काम. दोन्ही विमानं लहान, खुर्च्यांच्या रांगांमध्ये एकच गल्ली असलेली. जेवण विकत, दारू नाही, आणि शारजा ते व्हिएन्ना साधारण सहा तास त्याच ताठ खुर्चीत. लग्नाच्या दगदगीनंतर पाठ तक्रार करणार हे धरून चला. व्हिएन्नाहून बुडापेस्टला विमान शोधायची गरजच नाही. रेलजेट गाडी शहराच्या मध्यातून निघते आणि सुमारे दोन तास चाळीस मिनिटांत बुडापेस्टच्या केलेती स्टेशनात आणून सोडते. विमानतळावर जायला, तपासणीला आणि परत शहरात यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात ती पोचलेलीसुद्धा असते.

फसगत होते ती तुकडे जोडण्यात. स्वस्त तिकिटं शोधणाऱ्या संकेतस्थळांवर ‘सेल्फ ट्रान्सफर’ असा बारीक शब्द दिसतो. त्याचा अर्थ असा की दोन तिकिटं एकमेकांना ओळखत नाहीत. पहिलं विमान चार तास उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही न आलेले प्रवासी. पैसे गेले, विमान गेलं. मध्ये बॅग घ्या, बाहेर पडा, पुन्हा रांगेत उभे राहून ती द्या. हे शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, घडलं तर तिथे बाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा हवा, आणि हे लक्षात येतं ते मुंबईच्या चेक-इन काउंटरवर, सोडायला आलेले दोन्हीकडचे नातेवाईक काचेपलीकडून हात हलवत असताना.

मिलानचंच बघा. आखातातून येणारी मोठी विमानं उतरतात मालपेन्साला, शहराच्या वायव्येला जवळजवळ पन्नास किलोमीटरवर. रायनएअरची बरीचशी उड्डाणं निघतात बेर्गामोहून, ते शहराच्या ईशान्येला आणि जवळपास तेवढंच लांब. दोन्हींना तिकिटावर मिलान म्हणतात. विझ एअर ही दुसरी बजेट कंपनी मालपेन्साहून बुडापेस्टला जाते, त्यामुळे चार-पाच युरो महाग असलं तरी तेच तिकीट खरं स्वस्त. अशी गावं युरोपभर आहेत. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोवे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर, फ्रँकफर्टच्या नावाचं हान तर सुमारे १२० किलोमीटरवर. तिकीट घेण्याआधी विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह नकाशावर टाकून पाहावं आणि बसचं भाडं दोन माणसांचं, जाऊन-येऊन धरून त्यात मिळवावं. आणि लांबच्या विमानाने उतरल्या दिवशीच पुढचं बजेट विमान घेऊच नये. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे. नव्या यंत्रणेपुढची रांग किती लांबेल याचा भरवसा नाही. मिलानला एक-दोन रात्री काढाव्यात, शहरही वाईट नाही.

आता कागदपत्रं. इथे मराठी घरातल्या लग्नाला स्वतःची अशी एक अडचण आहे, ती म्हणजे नाव. पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना असतो आणि बाकीच्या नावाचा दुसरा. या दुसऱ्या रकान्यात आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. बजेट कंपनीच्या फॉर्मवर ‘मधलं नाव’ असा रकाना बहुधा नसतो. तेव्हा पासपोर्टवर जे जसं आहे ते तसंच, दोन्ही शब्द, नावाच्या रकान्यात भरायचे. लग्न ठरल्यावर हौसेने किंवा सासरच्या आग्रहाने मुलीचं तिकीट नव्या आडनावाने काढलं जातं, आणि पासपोर्ट असतो माहेरच्या नावाचा. समजा पासपोर्टवर पाटील आहे आणि तिकिटावर देशमुख, तर ती बाई विमान कंपनीच्या लेखी दुसरीच कोणी आहे. विवाह नोंदणीचा दाखला, पत्रिका, गळ्यातलं मंगळसूत्र, यातलं काहीही तिथे पुरावा धरलं जात नाही. बुकिंगनंतर थोडा वेळ किरकोळ दुरुस्ती फुकट होते. नंतर पूर्ण नाव बदलायचं तर काही कंपन्या शंभर युरोहून जास्त घेतात, म्हणजे मूळ तिकिटाच्या चौपट. नाव बदलायचं की नाही हा जिचा तिचा प्रश्न. पण बदलायचं असेल तर पासपोर्ट परत आल्यावर बदलावं. तोपर्यंत तिकीट, व्हिसा, विमा आणि हॉटेल, सगळीकडे माहेरचंच नाव.

व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाचा. सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्याचा. मिलानला दोन रात्री आणि बुडापेस्टला पाच, तर अर्ज हंगेरीचा, उतरणं इटलीत असलं तरी. शुल्क ११ जून २०२४ पासून माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला असावा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकालाला साधारण पंधरा दिवस, अडलं तर पंचेचाळीस. मे महिन्याचा मुहूर्त असेल तर फेब्रुवारीत अर्ज जायला हवा, कारण एप्रिल-मेमध्ये अख्खा देश सुट्टीला निघतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाही.

फेब्रुवारीत अर्ज म्हणजे लग्नाआधी अर्ज. मग वैवाहिक स्थितीपुढे खरं तेच लिहायचं, अविवाहित. दोघांचे अर्ज वेगळे, प्रत्येकाचे बँकेचे कागद आणि रजेचं पत्र वेगळं. सोबतच्या पत्रात लग्नाची तारीख आणि प्रवासाचा हेतू साध्या शब्दांत सांगावा, पत्रिका जोडावी. पत्रिका फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत. बोटांचे ठसे द्यायला जाताना बोटांवर मेंदी नको. लग्नानंतर धावपळीत अर्ज करणाऱ्यांची इथे हमखास पंचाईत होते, कारण नवरीची मेंदी बोटांच्या टोकांवर सर्वांत गडद असते आणि यंत्राला ठशाच्या रेषा नीट दिसत नाहीत. व्हिसा हातात येईपर्यंत बजेट कंपनीचं तिकीट काढू नये. अर्जासोबत आरक्षण चालतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. व्हिसा नाकारला गेला तर या कंपन्या जवळपास काहीही परत देत नाहीत.

आणखी एक खाच. मिलान ते बुडापेस्ट हा शेंगेनच्या आतला प्रवास, तिथे एका प्रवेशाचा व्हिसा पुरतो. पण बुडापेस्टहून बेलग्रेडची स्वस्त सहल दिसली आणि मोह झाला, तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. बाहेर पडताक्षणी तो एकमेव प्रवेश संपला, आणि परतीचं विमान मात्र मिलानहून आहे.

तिकीट काढताना कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर काढावं. मधल्या दलालाकडून काढलेल्या तिकिटावर रायनएअर ओळख पडताळणी मागू शकते, आणि बदलाचे ईमेल दलालाकडेच अडकून राहतात. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. पैसे भरताना पान मोठ्या आपुलकीने विचारतं, रुपयांत घेऊ का? नाही म्हणायचं, युरोतच भरायचं. रुपयांचा तो दर कंपनीने स्वतःचा नफा घालून काढलेला असतो. बुडापेस्टच्या एटीएमवर हाच प्रश्न पुन्हा येतो, तिथे उत्तर फोरिंट, म्हणजे हंगेरीचं चलन.

मग येते बॅग, आणि खरी रडारड इथेच. आहेरात हमखास एक बॅगांचा सेट येतो: मोठी, मधली, लहान, कडक कवचाची, चाकांची. त्यातली लहान बॅगसुद्धा बजेट विमानात फुकट जात नाही. रायनएअर आणि विझ, दोघांचं फुकट सामानाचं माप सध्या ४० × ३० × २० सेंटिमीटर. ईझीजेट थोडी उदार, ४५ × ३६ × २०. सेंटिमीटर गुणून पाहिले तर पहिलं माप २४ लिटरचं होतं, म्हणजे कॉलेजच्या पोराची बऱ्यापैकी भरलेली सॅक. मापात चाकं, दांडा आणि बाहेरचा फुगलेला खिसा सगळं धरतात. कडक बॅग एक सेंटिमीटरने मोठी असली की मापाच्या चौकटीत जातच नाही. मऊ कापडी सॅक दाबून बसते, म्हणून सॅकच घ्यावी. दारात पकडली गेलेली बॅग रायनएअरकडे ७५ युरोंपर्यंत पडू शकते. वर कंपनीने नोव्हेंबर २०२५ पासून अशी प्रत्येक बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याचा भत्ता दीड युरोवरून अडीच केला, आणि तो महिन्याला किती मिळावा याची मर्यादाही काढून टाकली. त्यामुळे ‘जरा बघा ना’, ‘नवीन लग्न झालंय’ वगैरे तिथे चालत नाही. समोरच्या माणसाला तुमची बॅग मोठी निघण्यातच रस असतो.

या पैशांवर वादही झाला आहे. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात पाच विमान कंपन्यांना मिळून १७९ दशलक्ष युरोंचा दंड ठोठावला, त्यात हातातल्या बॅगेचे पैसे घेणं हा मुख्य आरोप. कंपन्या न्यायालयात गेल्या. रायनएअरच्या एकूण उत्पन्नातला सुमारे एक तृतीयांश वाटा बॅग, सीट, खाणंपिणं यांतून येतो, तेव्हा हा पैसा त्या सहजासहजी सोडतील असं वाटत नाही.

जोडप्यासाठी सर्वांत शहाणपणाची रचना अशी: दोघांत मिळून वीस किलोंची एकच चेक-इन बॅग, तीही तिकीट काढतानाच घेतलेली, आणि प्रत्येकी एक सॅक. लांबच्या विमानाने पंचवीस-तीस किलो माणशी दिलेले असतात, तिथून सगळं गणित बिघडतं. माणूस तेवढं भरून निघतो आणि मिलानला पोचल्यावर वीसमध्ये बसवायला बघतो. परतीचं विमानही मिलानहूनच असेल तर जास्तीची बॅग मिलानच्या मध्यवर्ती स्टेशनवरच्या सामानघरात ठेवून जाता येते. थंडीचा कोट बॅगेत भरू नका, अंगात घाला. त्याच्या खिशांना कोणी माप लावत नाही. एक भरजरी साडी फोटोसाठी न्यायचीच असेल तर न्या, पण ब्लाउज, परकर, दागिन्यांचा डबा असा तिचा सारा परिवार धरून वजन करा.

खाण्याच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती आई आणि सासू अशा दोन्ही बाजूंनी भरली जाते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, सगळं बाद. बाकरवडी, चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी न्या. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यामुळे मेमधली आंब्याची पेटी घरीच. फळमाशीच्या कारणाने १ मे २०१४ पासून युरोपने हापूसची आयातच थांबवली होती, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. तपासनीस आंब्याकडे प्रेमाने पाहतील ही आशा नको. ओटीतलं सुकं खोबरंही बॅगेत टाकू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं. आणि शारजामार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. रुखवतातले अनारसे, बाकरवडी आणि घरचा मसाला तेव्हा याच कारणाने मागे ठेवावेत. लोणचं विमानतळाच्या लेखी द्रवपदार्थ आहे, शंभर मिलीपेक्षा मोठी बरणी हातातल्या सामानातून काढून घेतात. पॉवर बँक उलट हातातच हवी, १०० वॉट-तासांच्या आतली.

दागिन्यांचं म्हणाल तर हिरवा चुडा काचेचा, त्याला यंत्र वाजत नाही. पाटल्या-तोडे वाजू शकतात. बरंच सोनं अंगावर घालून निघणार असाल तर मुंबईत निघतानाच कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे परत येताना हे इथलंच होतं हे सिद्ध करत बसावं लागत नाही. खरं सांगायचं तर मंगळसूत्र सोडून बाकीचं घरी ठेवणं सगळ्यांत सोपं.

चेक-इन ऑनलाइनच करायचं. रायनएअरमध्ये पैसे देऊन सीट घेतली नसेल तर चेक-इन उड्डाणाच्या २४ तास आधी उघडतं आणि दोन तास आधी बंद होतं. विसरलात तर विमानतळावर माणशी ५५ युरोंपर्यंत. १२ नोव्हेंबर २०२५ पासून बोर्डिंग पास फक्त ॲपमध्ये, कागदी छापलेला चालत नाही. दोघांपैकी एकाच्या तरी फोनला चार्ज आणि इंटरनेट हवंच. भारतीय पासपोर्टधारकाला आणखी एक पायरी आहे. युरोपबाहेरच्या नागरिकांनी सुरक्षा तपासणीच्या आधी कंपनीच्या काउंटरवर पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून नोंद करून घ्यायची असते. युरोपीय सहप्रवासी सरळ आत निघून जातात, त्यांच्यामागे जाणारे अडकतात ते थेट गेटवर. तेव्हा या काउंटरच्या रांगेसाठी वेळ धरून दोन-अडीच तास आधी पोचा. बॅग देण्याचा काउंटर उड्डाणाआधी ४० मिनिटं आणि गेट २० मिनिटं आधी बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद.

सीटचे पैसे न दिल्यास संगणक जोडप्याला बहुधा वेगळं बसवतो, एक अकराव्या रांगेत, एक सत्ताविसाव्या. दीड तासाचा प्रश्न आहे. अंतरपाट पुन्हा एकदा धरलाय असं समजावं आणि ते पैसे संध्याकाळच्या कॉफीवर खर्च करावेत.

बुडापेस्टचा विमानतळ शहराच्या आग्नेयेला. १००ई क्रमांकाची बस थेट देआक चौकात सोडते, पण तिला वेगळं तिकीट लागतं. शहराचं साधं तिकीट काढून चढलात तर दंड. स्वस्त उड्डाणं अनेकदा रात्री उशिरा पोचतात, म्हणून हॉटेलला आधीच कळवावं. लहान हॉटेलांत आणि भाड्याच्या घरांत रात्री दहानंतर किल्ली द्यायला कोणी नसतं.

हे शहर हनिमूनला का निवडावं? एक तर ते पायी आवाक्यात येतं. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन गावं १८७३ मध्ये एक झाली. मधून डॅन्यूब वाहते, आणि १८४९ च्या साखळी पुलावरून एका काठावरून दुसऱ्यावर जाणं हाच संध्याकाळचा कार्यक्रम. जमिनीखालची पहिली मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी, आणि अजून तिच्या बुटक्या पिवळ्या डब्यांतून रोजचे लोक कामावर जातात. संसद आतून पाहायची असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा. युरोपबाहेरच्यांना ते बरंच महाग पडतं. डिसेंबरात जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. अंधार आवडत नसेल तर मे किंवा सप्टेंबर.

गरम पाण्याची स्नानगृहं मात्र हिवाळ्यातच खरी. १९१३ मधलं सेचेन्यी सर्वांत मोठं. त्याच्या झऱ्यांचं पाणी सत्तर अंशांच्या वर तापलेलं जमिनीतून येतं आणि पोहण्याजोगं करून सोडतात. बाहेर बर्फ आणि अंगाभोवती वाफ. जुन्या माहितीवर विसंबून गेलेर्त स्नानगृहाचा बेत आखू नका, ते ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. पाण्यात उतरण्याआधी जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. गंधकाचा अंश असलेल्या पाण्याने चांदी काळी पडते. गरम पाण्यात तासभर बसलं की मेंदीही भराभर उतरते, ज्यांना ती टिकवायची आहे त्यांनी स्नान शेवटच्या दिवसावर ठेवावं. टॉवेल आणि रबरी चपला सोबत न्याव्यात. तिथे घ्यायला गेलात तर उगाच खर्च होतो.

शाकाहारी माणसाची तिथे थोडी परीक्षा आहे. फ्योझेलेक हा घट्ट भाजीचा प्रकार आपल्या डाळभाजीच्या जवळ जातो, पण वर मांसाचा तुकडा ठेवून देतात. तो नको म्हणून आधीच सांगावं. पनीर-शेवयांसारख्या दिसणाऱ्या तुरोश चुसामध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. तळलेलं चीज आणि आंबट साय लावलेला लांगोश, म्हणजे तळलेली जाड पोळी, हे भरवशाचे.

विमान उशिरा सुटलं तर नियम तुमच्या बाजूने आहे, आणि तो बजेट कंपनीलाही तितकाच लागू. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे तीन तासांहून जास्त उशिराने पोचल्यास १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४०० आणि त्यापुढे ६०० युरो मिळतात, दर माणशी, तिकीट कितीचंही असलं तरी. मिलान–बुडापेस्टचं पंचवीसचं तिकीट आणि भरपाई अडीचशे. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर भरपाई नाही. जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल तेव्हाही द्यावंच लागतं. खर्च स्वतः केला असेल तर पावत्या ठेवा आणि मागणी कंपनीच्याच संकेतस्थळावर करा. दलाल वीस-तीस टक्के कापून घेतात. हा नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागतो. म्हणजे व्हिएन्नाहून शारजामार्गे मुंबईला येताना तो आहे, पण त्याच कंपनीने मुंबईहून जाताना नाही, कारण ती युरोपीय कंपनी नव्हे.

परतीच्या बॅगेत पाप्रिकाची, म्हणजे तिथल्या लाल तिखटाची, पुडी हातातल्या सॅकमध्ये चालते, तोकायच्या वाइनची बाटली मात्र चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आहे. खरेदीवरचा कर परत मिळवायचा असेल तर दुकानातून फॉर्म मागून घ्या. इटलीत एका दुकानातली खरेदी ७० युरोंहून जास्त हवी. त्या फॉर्मवर कस्टमचा शिक्का लागतो. हंगेरीतल्या खरेदीचा शिक्काही बुडापेस्टला मिळत नाही, कारण तिथून तुम्ही युरोपाबाहेर जात नसता. तो मिळतो मालपेन्साला, आणि अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतो, म्हणून बॅग काउंटरवर देण्याच्या आधी.